कायद्याच्या दफ्तरातील आई

सन १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्यात वेड्या ठरलेल्या इसमाच्या मिळकतीची चौकशी कोणी करावी, ती कोणाच्या हवाली करावी, यासंबंधी कलमांमागून कलमे होती. परंतु मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने इस्पितळात दाखल होणाऱ्या स्त्रीच्या अंगावर पिणारे मूल असेल तर त्याचे काय, हा प्रश्न सरकारास पडला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तिची दखल घेतली ती पत्नी म्हणून, आणि तीही घटस्फोटाचे एक कारण म्हणून (कागदोपत्री ही मुभा उभयतांना होती, हे खरे). १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आईविषयी मुकाच राहिला.

इंग्लंडात मनोविकारतज्ज्ञ टॉमस मेन यांनी १९४८ सालीच कॅसल इस्पितळात आईबरोबर मुलालाही ठेवून घेण्यास आरंभ केला होता. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तसा स्वतंत्र कक्ष निघायला २००९ उजाडले. तत्पूर्वी, २००२ साली, विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील पाहणी प्रसिद्ध केली होती : बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता विषादाने ग्रस्त, आणि त्याच्याशी निगडित गोष्टी म्हणजे दारिद्र्य, नवऱ्याचा जाच, पोटी आलेली मुलगी. माजघरात हे पूर्वीपासून ठाऊक होतेच. आता त्याला आकडा मिळाला.

अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तीन वर्षांखालील मुलाला दाखल झालेल्या आईपासून सामान्यतः तोडू नये, तोडणे भाग पडल्यास दर पंधरा दिवसांनी फेरविचार व्हावा, आणि तीस दिवसांपलीकडे मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी, अशी तरतूद केली. तरतूद उत्तम; पण तिचा अंमल इस्पितळाच्या फाटकापर्यंतच.

घरी परतलेल्या बाळंतिणीची रात्र पाहावी. गोळीने डोळ्यांवर झापड, तान्हे दोनदा-तीनदा उठणार, जागरण झाले की दुखणे उलटणार. म्हणून ती गोळीच गुपचूप बंद करते, अथवा सासूबाई ‘तुला नाही झेपायचं’ म्हणत मूल आपल्या कुशीत घेतात आणि सकाळीही परत देत नाहीत. तिला हवे असते रात्री बाळाकडे पाहणारे एक हक्काचे माणूस, आणि त्रास वाढल्याचे डॉक्टरांपाशी बोलले म्हणून मूल हिरावले जाणार नाही, एवढी हमी.

गोव्यातच पुढे गावच्या साध्या स्त्रियांना तालीम देऊन विषादग्रस्त गर्भवतींच्या घरी धाडण्याचा प्रयोग झाला. भास होणाऱ्या, वर्षानुवर्षे औषधावर असलेल्या आईच्या दारी मात्र अशी शेजारीण धाडण्याची सक्ती २०१७ च्या कायद्याने कोणावरही केलेली नाही. आणि तिचे मूल चार वर्षांचे असेल, तर इस्पितळातही ते कलम तिच्या उपयोगाचे नाही.