शिमल्याला निघण्याआधी ब्रेक ऑइल पाहिलेत का?

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की चंदीगडकरांच्या गाडीचे तोंड आपोआप डोंगराकडे वळते. पंचकुला, पिंजोर, कालका मागे पडले की परवाणूपासून चढण सुरू होते. धरमपूरला पराठे, सोलनला चहा आणि चंदीगडपासून ११५ किलोमीटरच्या आसपास शिमला! लष्करातल्या, हवाई दलातल्या किंवा बँकेतल्या बदलीमुळे इथे येऊन राहिलेली मराठी कुटुंबेही वर्षभरात ही सवय उचलतात.

निघताना सगळी काळजी चढणीची असते. रेडिएटरमध्ये पाणी आहे ना, टायरमध्ये हवा आहे ना, मुलांना उलटीची गोळी दिली ना? पण गाडीची खरी परीक्षा रविवारी संध्याकाळी, परतताना होते. शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आणि कालका जेमतेम ६५० मीटरवर. हजार किलो वजनाची गाडी एवढी खाली उतरवायची म्हणजे किती उष्णता जिरवायची? हिशेब केला तर साधारण ४५ लिटर थंड पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी! स्नानाच्या दोन मोठ्या बादल्याच म्हणा ना. यातला काही भाग वारा घेतो, गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर काही इंजिन घेते. उरलेली सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकच्या वाट्याला येते.

ब्रेकच्या नळ्यांमधून फिरणारे द्रव नेमके इथे दगा देते.

आपण पेडल दाबतो तेव्हा बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधले हे द्रव नळ्यांतून चाकांकडे ढकलले जाते आणि ब्रेक लागतात. द्रव दाबले तरी आक्रसत नाही, हाच त्याचा गुण. पण या द्रवात एक खोडही आहे. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला जसे पाणी सुटते, तसे तेही हवेतला ओलावा सतत शोषत असते. झाकण घट्ट असले तरी रबरी नळ्यांमधून थोडा थोडा ओलावा आत शिरतोच. नवे कोरे डॉट ३ प्रकारचे द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरू शकते. डॉट ४ थोडे बरे. ते नवे असताना २३० आणि ओलावल्यावर १५५.

उतारावर तापलेल्या ब्रेकजवळ हे द्रव उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ मात्र दाबली की आक्रसते. पेडल थेट तळाला जाते आणि गाडी पुढे चाललेलीच!

यातली सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. कशीबशी गाडी थांबवून अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभी केली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पहिल्यासारखे लागू लागतात. घरी पोचल्यावर मिस्त्री लायनर पाहतो, गळती पाहतो, काहीच सापडत नाही. ‘उगाच घाबरलात’ म्हणून सगळे विसरून जातात. चंदीगडच्या सपाट रस्त्यांवर, सेक्टरांमधल्या चौकांवर हेच ब्रेक महिनोन् महिने उत्तम चालतात. दोष मुक्कामाला असतोच, फक्त पुढच्या घाटाची वाट पाहत असतो. खंडाळा, आंबोली किंवा महाबळेश्वरहून वाईला उतरणारा पसरणीचा घाट नेहमी ओलांडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

उपाय स्वस्त आहे. बहुतेक गाड्यांचे हे द्रव दर दोन वर्षांनी बदलावे. नेमकी मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. नवे द्रव फिकट मधासारखे दिसते, जुने काळ्या चहासारखे.

दोन माणसांचे काम

साध्या गाडीचे हे काम घरच्या पोर्चमध्ये दोन तासांत होते. मात्र एकट्याने करू नये. एकजण पेडलवर, दुसरा चाकापाशी. पेडलवर नेहमी बायकोनेच बसावे असा काही नियम नाही बरे का! बारीक कामाचा हात जिचा किंवा ज्याचा, त्याने पाना धरावा.

लागणारे सामान थोडकेच: झाकणावर लिहिले असेल त्याच प्रकारच्या द्रवाची सीलबंद बाटली, निपलला नेमका बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळीचा हातभर तुकडा, सुई काढलेली मोठी सिरिंज आणि एक रिकामी बाटली. मणिमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये हे सगळे मिळेल. दुकानात ‘ब्रेक ऑइल’ मागावे लागते, पण हे नाव मोठे फसवे आहे. ते तेल नव्हेच. इंजिन ऑइलचे थोडेसे थेंब जरी चुकून ब्रेकच्या टाकीत गेले तरी आतली रबरे फुगतात आणि सगळी व्यवस्था नासते.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट द्यावी. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालू नये, खाली भक्कम स्टँड हवेतच. टाकीतले जुने द्रव सिरिंजने ओढून काढावे आणि नवे भरावे. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घ्यायचे. आपल्याकडच्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे. त्यानंतर मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. काही गाड्यांच्या नळ्या तिरप्या जोडलेल्या असतात, त्यांचा क्रम पुस्तिकेत पाहावा.

निपलवरची रबरी टोपी काढून नळी चढवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीत, थोड्या नव्या द्रवात बुडालेले असावे. आता ‘दाब’ म्हटल्यावर आतल्याने पेडल सावकाश दाबून धरायचे. बाहेरच्याने निपल अर्धा फेरा सैल करायचा. काळपट द्रव आणि बुडबुडे नळीतून येतील. निपल पुन्हा आवळायचा आणि मगच ‘सोड’ म्हणायचे. हा क्रम चुकला, निपल उघडा असताना पेडल सुटले, की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात! नळीतून स्वच्छ, बिनबुडबुड्यांचे द्रव येईपर्यंत हेच करीत राहायचे. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. पेडल कधीही न गेलेल्या खोलीपर्यंत गेले तर तिथल्या गंजाने आतले रबर कापले जाऊ शकते.

दर चार-पाच वेळा दाबल्यावर टाकीत नवे द्रव घालावे. टाकी रिकामी झाली तर पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात.

निपल गंजून घट्ट बसला असेल तर जोर लावू नये. तो मोडला की चाकापाशीच काम अडते; त्यापेक्षा गाडी सरळ गॅरेजमध्ये न्यावी. एबीएस असलेल्या गाड्यांतही याच पद्धतीने द्रव बदलता येते, पण त्या यंत्रणेत हवा शिरली तर ती काढायला कित्येकदा कॉम्प्युटर जोडावा लागतो. म्हणून अशा गाडीची टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. २०१९ पासूनच्या नव्या मोटारींना एबीएस असतेच.

काम संपल्यावर इंजिन सुरू करून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखे लागत असेल तर गाडी गेटबाहेर काढू नये. घट्ट लागले तर चारही निपल कोरड्या फडक्याने पुसून पाहावेत आणि घरासमोरच्या गल्लीत अगदी सावकाश दोन-चार वेळा ब्रेक लावून बघावा.

इतके करूनही उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडाल तर उपयोग नाही. परवाणू-सोलन रस्ता चौपदरी झाल्यापासून पेट्रोल वाचवण्याचा हा मोह फार वाढलेला दिसतो. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. आणि पेडल तळाला गेलेच तर ते भराभर मारत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा.

हे द्रव रंगाला वाईट, सांडले तर गाडीचा पत्रा उघडा पडतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत उडू देऊ नये. निघालेले जुने द्रव गटारात ओतू नये, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्यावे. ते विषारी आहे आणि दिसते हुबेहूब सरबतासारखे, तेव्हा शीतपेयाच्या बाटलीत साठवून ठेवणे म्हणजे घरातल्या मुलांशी खेळ. नव्या बाटलीत उरलेले अर्धे द्रव ‘पुढच्या वेळी’ म्हणून फडताळात ठेवू नये. उघड्या बाटलीत ओलावा शिरलेलाच असतो. तारीख मात्र एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा.