मंडप उभा राहिला, तरी काम बाकी असते

लग्नाचा किंवा उत्सवाचा मोठा मंडप भाड्याने घेताना आपण झालरी आणि झुंबरे बघतो. मंडप टिकतो तो मात्र खुंटांवर आणि दोरांच्या ताणावर.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो. तीन बाजूंना कनाती असतील, तर आत शिरलेला वारा छत खालून उचलतो. म्हणून खुंट खोल ठोकून त्याचे डोके मंडपापासून बाहेर किंचित झुकते ठेवतात. काळ्या मातीत पावसाने पकड सैल होते. सर ओसरली की प्रत्येक खुंट हलवून पाहावा, ढिला दोर पुन्हा ताणावा. डांबरी रस्त्यावर काँक्रीटचे जड ठोकळे वापरावेत. विजेच्या खांबाला दोर कधीच बांधू नये.

छताला झोळ आला की पाणी साचते. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल डबके म्हणजे २०० किलो वजन! कापड आधीच ताणून घ्यावे आणि पाण्याला उतार द्यावा.

हरियाणातील डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे दगावली. बाहेर पडायला वाट एकच होती. त्यामुळे समोरासमोर दोन तरी मोकळ्या वाटा हव्यात. वायरींचे जोड उघडे नकोत, हॅलोजन कापडापासून लांब हवा आणि आचाऱ्याची भट्टी मंडपाबाहेरच हवी.

वादळाची चिन्हे दिसताच आधी माणसे बाहेर काढावीत, सामान नंतर. ओले कापड वाळवूनच घडी घालावी, नाहीतर ते कुजते.