पत्रा, लांबी आणि रंग

गाव संपून हायवे लागला की पंक्चरच्या दुकानाला खेटून एक पाटी हमखास दिसते : डेंटिंग-पेंटिंग. मागे पत्र्याची शेड, शेडपुढे दार उतरवलेली एखादी स्विफ्ट, काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली वॅगन-आर आणि पायाखाली घासून निघालेल्या रंगाचा राखाडी चिखल. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तर स्पेअर पार्टची दुकानं आणि असली गॅरेजं यांची रांगच लागते. सर्व्हिस सेंटरच्या गारेगार केबिनमध्ये ज्या दाराबद्दल ‘पॅनेल बदलावं लागेल’ असं सांगतात, ते दार या शेडमध्ये हातोडीनं सरळ होतं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याचा खरा पत्ता हाच.

पाटी एक असली तरी कामं दोन आणि माणसंही दोन. डेंटर पत्रा सरळ करतो, पेंटर त्यावर रंग चढवतो. डेंटरनं जेवढं अर्धवट सोडलं तेवढी पेंटरला लांबी, म्हणजे खड्डे बुजवणारी पुट्टी, भरावी लागते, आणि मग दोघंही एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. माझ्या मते गॅरेज पारखायचं ते या लांबीच्या जाडीवरून. जिथे ती कमीत कमी लागते ते गॅरेज चांगलं, मग शेड कितीही कळकट असो.

मुळात कंपनीचा रंग ही परत न मिळणारी वस्तू आहे. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो. वायरिंग, सीट, टायर काहीच नसतं. तो प्रायमरच्या हौदात बुडवतात, विजेच्या प्रवाहानं प्रायमर कानाकोपऱ्यात बसवतात आणि भट्टीत भाजतात. मग रंग, त्यावर क्लिअर कोट आणि पुन्हा साधारण 140 अंशांची भट्टी. एवढं सगळं होऊन थरांची जाडी भरते 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-सातवा हिस्सा. तयार गाडी अशी भाजता येत नाही, प्लास्टिक आणि वायरिंग कामातून जाईल. म्हणून नावाजलेल्या वर्कशॉपच्या पेंट बूथमध्येही तापमान 60 अंशांच्या आसपासच ठेवतात आणि बाकीचं काम हार्डनरवर सोपवतात. रस्त्याकडेच्या शेडला बूथ म्हणजे ऊन.

त्यामुळे प्रत्येक चऱ्यावर रंग मारत सुटणं हा शुद्ध तोटा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवावं. नख अडकलं नाही तर तो क्लिअर कोटमध्येच आहे; रबिंग कंपाउंड आणि पॉलिशनं जातो किंवा दिसेनासा होतो. तिथेही हात आवरावा लागतो, कारण क्लिअर कोट असतो जेमतेम 40-50 मायक्रॉन आणि प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला थोडा झिजतो. नख अडकून आत पांढरा-राखाडी प्रायमर दिसत असेल तर टचअप. पत्रा उघडा पडला असेल, आणि गाडी रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत उभी राहत असेल, तर मात्र पावसाळ्याची वाट पाहू नये. गंज रंगाखालून पसरतो. वर फोड दिसतो तेव्हा खाली बराच पत्रा खाऊन झालेला असतो.

आता पोचा. दाराचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. दुसऱ्या गाडीची धडक बसली की मध्ये खळगा पडतो आणि त्याच्या कडेनं एक उंचवटा उठतो. शिकाऊ पोरगा दाराचं आतलं आवरण काढून थेट खळग्याच्या पोटावर हातोडी घालतो. मुरलेला डेंटर आधी कडेचा उंचवटा उतरवतो. आतून डॉली, म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा, पत्र्याला दाबून धरायचा आणि बाहेरून डॉलीच्या जरा बाजूला हलके ठोके द्यायचे. कड सैल झाली की खळगा निम्मा आपोआप वर येतो. ठोके थेट डॉलीवर पडत राहिले तर पत्रा ताणून पसरतो आणि दार फुगतं. अंगठ्यानं दाबलं की टक्क करून आत जातं, सोडलं की टक्क करून बाहेर. मग गॅसच्या ज्योतीनं एक ठिपका लाल करून, ओल्या फडक्यानं गार करून पत्रा आवळून घ्यावा लागतो. पुण्याच्या तांबट आळीत भांडं मठारणाऱ्या कारागिराला हे हिशेब सांगावे लागणार नाहीत.

ठोके देताना डेंटर डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. तळहातावर पातळ फडकं घेऊन तो पोच्यावरून लांब हात फिरवतो, चांगल्या भागावरून सुरू करून चांगल्या भागावर संपवतो. फडक्यामुळे हात घसरतो आणि डोळ्याला न दिसणारा चढउतार तळव्याला कळतो.

उरलेसुरले खड्डे लांबीनं भरायचे. ही लांबी पॉलिएस्टरची. शंभर भागांना साधारण दोन भाग हार्डनर मिसळला की काही मिनिटांत दगडासारखी होते. मे महिन्यात तर पत्रीवरच आवळून येते. घाई म्हणून हार्डनर वाढवला की नंतर रंगातून पिवळट डाग वर येतात. थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, जाड झाला की तडकतो. आणखी एक चूक मला जागोजाग दिसते : लांबी थेट पाण्यानं घासणं. लांबी पाणी पिते. तशीच प्रायमरखाली झाकली की पुढं रंगाला फोड येतात. आधी 80 नंबरपासून कोरडा पेपर चालवावा, पाणी प्रायमरनंतर. सफाईदार पेंटर घासण्याआधी काळ्या रंगाचा पातळ फवारा मारतो. पेपर फिरवल्यावर जिथं काळं उरतं तिथं अजून खड्डा आहे.

रंगाचं काम एके काळी याहून किचकट होतं. 1920च्या आधी मोटारीला ब्रशनं थरावर थर द्यावे लागत आणि ते सुकण्यात आठवडे जात. अमेरिकेत ड्यूपाँटनं नायट्रोसेल्युलोजचा झटपट सुकणारा ड्युको रंग काढला, 1924च्या ओकलंड मोटारींवर तो चढला, आणि स्प्रे-गन घेतलेला पेंटर हा स्वतंत्र कारागीर झाला. आपल्याकडे त्याला पोसलं ते टॅक्सी-टेम्पोंनी. कुर्ल्याच्याच प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर 2023पर्यंत धावल्या; आरटीओत पासिंगला नेण्याआधी त्यांना रंगाचा हात मारणं हे हुकमी गिऱ्हाईक होतं. साधा काळा जुळवणं सोपं. पेंटरचा घाम काढतो तो सिल्व्हर.

सिल्व्हर रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. फवारा ओला पडला की त्या खाली बसतात, रंग गडद दिसतो. कोरडा पडला की वर राहतात, रंग फिका. म्हणजे एकाच डब्यातला रंग दोन पेंटरांच्या हातून दोन छटांचा निघतो. गाडीवरचा कोड पाहून दुकानदार ग्रॅममध्ये मोजून रंग बनवून देतो, पण सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीला तो कोड तंतोतंत कुठून जुळणार? जाणता पेंटर पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारून तो उन्हात दाराशेजारी धरतो, आणि रंगाची कड शेजारच्या पॅनेलमध्ये हळूहळू विरवतो. ‘साहेब, बाजूच्या दारालाही हात मारावा लागेल’ असं तो म्हणाला की गिऱ्हाइकाला वाटतं, पैसे उकळतोय. बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो.

त्याच्या नाकावरचा रुमाल मात्र बघवत नाही. क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यानं दमा जडतो. रुमालानं ते अडत नाही. गाडीच्या दारासाठी घासाघीस करणाऱ्या आपल्यापैकी कितीजण मास्कबद्दल विचारतात?

हीच कला विकणाऱ्याच्या हातात गेली की लपवाछपवी होते. म्हणून जुनी गाडी घेताना जाडी मोजणारं मीटर सोबत असावं. दारावर 120 आणि शेजारच्या दारावर 250 मायक्रॉन आले तर पुन्हा रंग झालाय. हजाराच्या वर गेले तर खाली लांबी आहे. मीटर नसेल तर दाराच्या रबराची कड उलटून बघा, रंगाचा फवारा तिथं चुगली करतो. एखाद्या दाराला रंग झाला म्हणून गाडी नाकारू नये. पण खांब, छप्पर किंवा बोनेटखालच्या पट्ट्यांवर लांबी लागली तर तिथून निघावं.

आणि लहानसहान पोच्यासाठी विम्याचा क्लेम शक्यतो करू नये. 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीचे पहिले 1000 रुपये तसेही तुमच्याच खिशातून जातात, आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस एका बंपरपायी शून्यावर येतो.

गॅरेजमधून गाडी ताब्यात घ्यायची ती सकाळच्या उन्हात, ट्यूबलाइटखाली नाही. दोन्ही दारं तिरप्या नजरेनं बघा, मग पैसे द्या. नव्या रंगाला पहिला महिनाभर मेण-पॉलिश लावू नका, आतला थिनर उडून जायला तेवढा वेळ लागतो.