लांबच्या सायकलप्रवासाची बैठक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

किनाऱ्याच्या रस्त्याने मुंबईहून गोव्याला सायकलवर जायचं, तर दिवसाचे सहा-सात तास सीटवर जातात आणि खाडी ओलांडली की पुन्हा चढ सुरू होतो. गल्लीत चक्कर मारताना आरामाची वाटणारी बैठक तिथे टिकतेच असं नाही. म्हणून निघण्याआधी काही समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज: सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.
वस्तुस्थिती: पाय टेकतात तेव्हा सीट बहुतेक वेळा फार खाली असते आणि गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला, की उंची साधारण जमली. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. कंबर डुलत असेल किंवा गुडघ्यामागे दुखत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा.

गैरसमज: हँडल जितकं उंच, तितका आराम.
वस्तुस्थिती: ताठ बसलं की जवळजवळ सगळा भार बुडावर येतो, खड्ड्याचा दणका थेट पाठीत जातो आणि समोरचा वारा छातीवर झेलावा लागतो. हँडल सीटच्या पातळीला किंवा जरासं वर ठेवून सुरुवात करावी. कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल राहिले, म्हणजे अंतर बरोबर.

गैरसमज: बोटांना मुंग्या येतात, म्हणजे दोष हँडलचाच.
वस्तुस्थिती: करंगळी आणि अनामिका बधिर होतात ती तळहातातली अल्नर नस दबल्यामुळे. पण हातांवर इतका भार येण्याचं मूळ पुष्कळदा सीटमध्ये असतं. सीटचं टोक खाली झुकलं असेल, तर शरीर पुढे घसरतं आणि हात त्याला रोखून धरतात. आधी सीट सपाट करा. तरीही हँडल लांब वाटलं, तर आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) बसवा. सीट पुढे सरकवून हे अंतर कमी करू नका, त्याने पेडल मारण्याचा कोन बिघडतो.

गैरसमज: खाली वळलेलं ड्रॉप हँडल फक्त शर्यतीसाठी.
वस्तुस्थिती: त्यावर हात वर, ब्रेकच्या हूडवर आणि खाली असे तीन ठिकाणी ठेवता येतात. लांबच्या प्रवासात हाताची जागा बदलत राहणं हाच मोठा विसावा. सरळ हँडलच्या टोकांना बार-एंड (पुढे आलेल्या आखूड मुठी) लावूनही बरंच साधतं.

गैरसमज: सीट जितकी मऊ, तितकी चांगली.
वस्तुस्थिती: फार मऊ सीटमध्ये बैठकीची हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. हाडांना नीट आधार देणारी, योग्य रुंदीची सीट थोडी कडक असली तरी चालते.

बदल एका वेळी एकच करा, तोही चार-पाच मिलिमीटरचा. जुन्या जागेवर टेपची खूण ठेवा आणि सामान लादून एक मोठी फेरी मारून बघा. एवढं करूनही बधिरपणा जात नसेल, तर पुढची दुरुस्ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंतरच करा.