पिवळा दिवा म्हणजे मंद दिवा नव्हे

जामखेडच्या बाजारपेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की हे ऐकू येतं. दुकानदार गल्ल्याजवळच्या होल्डरला एलईडी बल्ब लावून दाखवतो, गिऱ्हाईक वर बघतं आणि म्हणतं, "पिवळा नको, पांढरा द्या. पिवळ्यात व्होल्टेज गेल्यासारखं वाटतं."

हा समज हवेतून आलेला नाही. तारेच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो आणि उरतो तो लालसर. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की दिवा डोळे मिटायला लागायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोक्यात पिवळं म्हणजे मरगळलेलं हे पक्कं बसलं. एलईडीचं तसं नाही. त्याचा रंग आतल्या चिपवरच्या लेपावर ठरतो आणि तो खोक्यावर केल्विनमध्ये छापलेला असतो: २७०० म्हणजे पिवळा, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. उजेड किती, ते सांगतात लुमेन. नऊ वॉटचा बल्ब कुठल्याही रंगाचा घ्या, साधारण ८०० ते ९०० लुमेन देतो, म्हणजे जुन्या साठच्या बल्बाएवढा. पांढरा किंचित जास्त देतो, पण तेवढा फरक डोळ्याला कळत नाही.

मग खोली उदास का दिसते? बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, जागेचा असतो. छताजवळ एकच ट्यूब आणि खाली माणसं: उजेड वरून पडतो, डोळ्यांखाली सावल्या येतात, घरातले सगळे दमल्यासारखे दिसतात. आपल्या जुन्या माळवदी घरांत दिवळी भिंतीत असायची, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास. दिव्याची ज्योत १९०० केल्विनच्या जवळपास, म्हणजे नेहमीच्या बल्बाहून पिवळी. पण उजेड बाजूने चेहऱ्यावर यायचा आणि कोपरे थोडे अंधारात राहायचे. बैठकीला ऊब यायची ती त्यामुळे. आज तेच साधायला पीओपीचं छत लागत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर २७०० चा एक बल्ब भिंतीकडे तोंड करून लावा. भिंत पांढरी किंवा फिकी हवी. गडद हिरव्या ऑइल पेंटची असेल तर ती निम्म्याहून जास्त उजेड गिळते आणि उरलेला हिरवा करून परत देते.

पांढरा उजेड वाईट, असंही नाही. ज्वारी निवडायची, सुईत दोरा ओवायचा, तर ४००० किंवा ६५०० हवाच. अडचण रात्रीची आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूला दिवस असल्याचं कळवतात. झोप आणणारं मेलाटोनिन मग लांबतं. नऊनंतर ट्यूब बंद करून कोपऱ्यातला दिवा ठेवावा, तो एवढ्यासाठी.

कमी उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, हे आजीचं वाक्य मात्र खरं नाही. डोळे थकतात, डोकं दुखतं, विश्रांतीनं बरं वाटतं. तरी पोराला अभ्यासाला दिवा द्याच, आणि तो उजव्या हातानं लिहीत असेल तर डावीकडून.

राहिला झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण जुन्या तारेचा असेल तर तो १५ वॉटपर्यंत वीज घेतो. रात्री आठ तास जळला तर महिन्याला साडेतीन युनिट. अर्ध्या वॉटचा एलईडी तेच काम युनिटच्या आठव्या हिश्श्यात करतो.

बल्ब घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरचे केल्विन आणि लुमेन वाचा आणि जमलं तर दोन रंगांचे दोन न्या. रात्री आठ वाजता, ट्यूब बंद करून, एकेक लावून पाहा. भर दुपारी दुकानात पेटवलेला बल्ब तुमच्या बैठकीबद्दल काहीच सांगत नाही.