आधी कागद, मग पाना
जुनी मोटारसायकल उभी करताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डहाणू, घोलवड, बोर्डीपासून तलासरीपर्यंत चिकूच्या वाड्यांतल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जावा, येझदी नाहीतर राजदूत अजून सापडते. चार मित्र जमतात, ताडपत्री निघते आणि ऐकीव माहितीचा पाऊस सुरू होतो.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते’ ही त्यातली सगळ्यात चिवट समजूत. पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा आहे ती दिल्ली आणि आसपासच्या राजधानी परिसरात. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवायची, शुल्क आणि पर्यावरण कर भरायचा, की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. गाडी चालण्याजोगी असली पाहिजे, एवढीच अट.

दुसरा घोळ ‘व्हिंटेज’ या शब्दाचा. रंग मारून, क्रोम चमकवून गाडी व्हिंटेज होत नाही. १५ जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच या वर्गात बसते. चासी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले असतील तर नाही. नव्याने नोंदणी करायची तर वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची. येझदी हे नाव १९७३ पासूनचं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या येझद्याच या वयाला पोचल्यात. १९८५ च्या आरएक्स हंड्रेडला अजून २०३५ पर्यंत थांबावं लागेल. म्हणून ज्याला गाडीवरून बाजारात, वाडीवर जायचंय, त्याने व्हिंटेजच्या नादी न लागता साधं नूतनीकरणच करावं.

आता मित्रांबद्दल. ‘सगळे बसलो तर एका रविवारी होऊन जाईल’ असं म्हणणारा एक तरी असतोच. एका रविवारी होतं ते फक्त खोलणं. नट, वॉशर, स्प्रिंग सगळं एकाच चिकूच्या क्रेटमध्ये पडलं की जोडताना कुठला बोल्ट कुठला, यावर वाद. त्यापेक्षा प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, छोट्या डब्यांवर चिठ्ठ्या लावा आणि शेवटचा शब्द एकाचाच ठेवा. वायरिंग ज्याला कळतं त्याने वायरिंग बघावं, रंगाचा हात असेल त्याने घासकाम करावं. जॅम झालेल्या पिस्टनवर मात्र कुणालाही हातोडा चालवू देऊ नका. प्लग काढून गंज सोडवणारं तेल ओता आणि चार दिवस विसरून जा. क्रँकच्या वाटेला तर जाऊच नका. कनेक्टिंग रॉड बदलल्यावर क्रँक प्रेसमध्ये घालून, डायल गेज लावून सरळ करावा लागतो. ते लेथवरच्या कारागिराचं काम. उंबरगावची जीआयडीसी आणि तारापूरची एमआयडीसी दोन्ही बाजूंना आहेत, चौकशी करा.

‘धूर येतो म्हणजे इंजिन गेलं’ हेही अर्धवटच. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर येणारच. पण गाडी तापल्यावरही दाट धूर येत राहिला आणि गिअरबॉक्समधलं तेल कमी होत गेलं, तर क्लचकडचं क्रँकचं ऑइल सील गेलंय असं समजा. सील फाटलं की क्रँककेस तेच तेल ओढून घेतो. सील स्वस्त असतं. ते बदलायला इंजिन उघडावं लागतं, तिथे खर्च येतो. घाईत बोअर-पिस्टन करून बसलात तर पैसे गेले आणि धूर राहिला.

‘जावा पुन्हा सुरू झाली, आता पार्ट कुठेही मिळतील’ असंही लोक समजतात. २०१८ मध्ये आलेली जावा फोर-स्ट्रोक, २९३ सीसी, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची. तिचा पिस्टन जुन्या अडीचशेच्या टू-स्ट्रोकला कसा बसेल? जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याची नाना पेठ पालथी घालावी लागते.

पेट्रोलचा मुद्दा मात्र हल्लीचा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. खाऱ्या, दमट किनाऱ्यावर पावसाळाभर टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली की आत गंज धरतो आणि कॉकमधली जुनी रबरं खराब होतात. जूनपूर्वी टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करा, टाकीच्या आत तेलाचा हात फिरवा.

शेवटचा आणि महागात पडणारा गैरसमज: ‘आधी गाडी करू, कागद नंतर.’ तलासरीहून गुजरातची हद्द हाकेवर, त्यामुळे जीजे-१५ पाटीच्या गाड्या इथे सहज येतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. आणि रंगाआधी घासताना चासी नंबरावर ग्राइंडर फिरला, तर चांगली गाडीही संशयित ठरते. त्या जागेवर आधी टेप लावा. आरसी बुक नसलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका; ती कितीही छान झाली तरी अंगणातच उभी राहील.