घरकुल मंजूर झालं, पण वाडीवर उभं कसं राहणार?

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. यादीत नाव आलं, मंजुरीचं पत्र मिळालं, तरी घर पायथ्याच्या वर सरकत नाही. महाड काय, पोलादपूर काय, डोंगरावरच्या वाड्यांत हीच तऱ्हा. बाई आळशी आहे म्हणून घर अडत नाही. ते नेमकं कुठे अडतं, ते आज नीट बघू या.

आधी पैशाचा हिशोब. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. आपल्या ग्रामपंचायतीला कोणता दर लागू आहे, ते ग्रामसेवकांना बैठकीतच विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्य सरकारने 2025 मध्ये 50 हजारांची भर जाहीर केली. त्यातले 35 हजार घरासाठी आहेत आणि 15 हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. शौचालयाचे 12 हजार वेगळे. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळते. 2025-26 च्या 312 रुपये दराने ती 28 हजार 80 रुपये होते.

आता बेरीज करा. सौर यंत्रणेचे पैसे सोडले, तर कमी दराने धरूनही 1 लाख 95 हजार होतात. घर किमान 269 चौरस फुटांचं हवं, म्हणजे चौरस फुटामागे साधारण 725 रुपये पडले. तुमच्या गावच्या गवंड्याला चौरस फुटाचा दर विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. मधली दरी कुठून भरायची, हे पाया खणण्याआधी ठरलं पाहिजे.

ही दरी वाडीवर जास्त रुंद होते, कारण माल रस्त्याच्या टोकाशी थांबतो. स्लॅबच्या एवढ्या घराला ढोबळमानाने 100 पोती सिमेंट लागतं. एक पोतं 50 किलोचं, म्हणजे नुसतं सिमेंटच 5 टन झालं. अर्धं अर्धं पोतं डोक्यावर घेतलं तरी 200 खेपा. वाळू, खडी, चिरा, सळई अजून खालीच आहे. घरकुलाला 5 ब्रास वाळू मोफत देण्याचं सरकारचं धोरण आहे, पण ती आणण्याचं भाडं आपल्याच पदरचं. महाडच्या बाजारात माल ज्या भावाने मिळतो, तो भाव वाडीवर पोचेपर्यंत टिकत नाही.

दुसरी अडचण पावसाची. आपल्याकडे बांधकामाचे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि मे संपता संपता संपतात. हप्ते मात्र कामाचा टप्पा पूर्ण होऊन फोटो चढल्यावरच खात्यात येतात. एक फोटो महिनाभर रखडला की छत पावसाळ्यापलीकडे जातं, आणि चार महिने उघड्या भिंती भिजतात. म्हणून टप्पा पूर्ण झाला की त्याच आठवड्यात फोटोसाठी मागे लागा. एकटीने जाण्यापेक्षा ग्रामसंघाच्या पत्रावर चार घरांची नावं एकत्र द्या.

तिसरी अडचण जागेची. गंमत बघा, वाडीत निम्म्या घरांना कुलूप आणि इथे राहणाऱ्या सुनेला घर नाही! घर सासऱ्यांच्या नावावर, हिस्सेदार मुंबई-सुरतेला. ते पाडून नवं बांधायचं तर सगळ्यांची संमती लागते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतातच. तेव्हाच बसून संमतीपत्र करून घ्या, फोनवरच्या 'हो हो' वर राहू नका. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यातून 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत मिळते. घर बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या दोघांच्या नावावर करून घ्या. योजनेतच तशी तरतूद आहे, त्यात मिंधेपण काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा मिळाली म्हणजे ती चांगली असेलच असं नाही. 2005 च्या जुलैत आपल्या तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021 ला तळीयेवर डोंगर आला आणि 80हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं दगावली. तळीयेच्या पुनर्वसनाचं काम म्हाडाकडे दिलं, तरी लोकांना आधी कंटेनरच्या घरांत राहावं लागलं आणि पक्क्या घरांची वाट पाहावी लागली. गेलेलं घर परत उभं राहायला असा वेळ लागतो, माणूस तर येतच नाही.

म्हणून पाया घालण्याआधी जागा बघा. वरच्या अंगाला जमिनीला भेगा आहेत का? झाडं, खांब कलले आहेत का? पावसात नवीन झरा फुटतो का, किंवा नेहमीच्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं का? यातलं काही दिसलं तर तलाठ्यांना आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा, आणि दुसरी जागा मागा. सपाटीसाठी डोंगर उभा कापू नका. घराच्या वरच्या बाजूने पाणी जायला चर ठेवा.

मग गटाने काय करायचं? पहिलं काम, एका वाडीतल्या मंजूर घरांची यादी करा आणि माल एकत्र मागवा. चार घरांचं सिमेंट एका गाडीत आलं तर भाडं चार ठिकाणी वाटलं जातं. राज्यात महा आवास अभियानातून काही ठिकाणी उमेदच्या गटांनी घरकुल मार्ट चालवले, तिथे बांधकामाचं सामान एका छताखाली मिळतं. आपल्या प्रभाग संघाने हा विषय घ्यायला हरकत नाही. दुसरं, वाहतुकीला श्रमाची अदलाबदल करा. लावणीला जसं एकमेकींच्या शेतात जातो तसंच. तिसरं, कमी पडलेले पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा बँकेतून घ्या. दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या कर्जावर घर बांधू नका. घर उभं राहील, पण झोप उडेल.

चौथं, कोण राहून गेलंय ते बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे, आदिवासींसाठी शबरी आवास आहे. कातकरी बहिणींसाठी 2023 पासून जनमन योजनेत घराला 2 लाख मिळतात. दुचाकी किंवा फ्रिज आहे म्हणून पूर्वी नावं कापली जायची, ती अट 2024 च्या नव्या नियमांत काढली आहे. महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादाही 10 हजारांवरून 15 हजार झाली. ज्या ताईला तेव्हा 'तुझं बसत नाही' म्हणून परत पाठवलं, तिला आता पुन्हा अर्ज करायला सांगा.

वाडीत राहायला धड घर नसेल तर पोरं शिकून खाली उतरतात, ती परत येत नाहीत. म्हणून पुढच्या ग्रामसभेला पाचजणी तरी जा. मंजूर घरं किती, पूर्ण किती आणि अडलेली कशामुळे, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं की ते गटाच्या वहीत लिहा, आणि महिनाभराने तीच वही घेऊन पुन्हा विचारायला जा.